लेक मॉलमध्ये कामाला जाते म्हणते तेव्हा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या तायांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आज अजेंड्यावर कर्जाची परतफेड आहे हे मला माहीत आहे. त्याच्या आधी अध्यक्षताईंनी मला अर्धा तास दिला, आणि हा विषय मीच मागून घेतला. झालंय असं की, गटाच्या बैठकीला गेले, हिशेब झाला, सह्या झाल्या, की कुणीतरी ताई मला बाजूला घेते. "मॅडम, लेक पुण्याला डी-मार्टमधी लागते म्हणायलीय. पाठवावं का?" मानवतला हाच प्रश्न, सेलूला हाच, गंगाखेडलाही हाच. कुणाची बारावी झालेली लेक असते, कुणाची सून. एका ताईंनी तर स्वतःसाठीच विचारलं. वय पस्तीस, दोन लेकरं शाळेत. मला त्यांचं फार बरं वाटलं.

पाठवावं की नाही, हे मी सांगणार नाही. ते तुमच्या घरानं ठरवायचं. पाठवायच्या आधी कोणता कागद बघायचा आणि कुणाला काय विचारायचं, तेवढं सांगते.

आधी ही कंपनी काय आहे ते ऐका, कारण नाव सगळ्यांना माहीत असतं, पुढचं कुणाला माहीत नसतं. डी-मार्टची मूळ कंपनी अव्हेन्यू सुपरमार्ट्स. ती राधाकिशन दमाणी यांनी काढली. त्यांचं पहिलं डी-मार्ट २००२ साली मुंबईत पवईला सुरू झालं. त्याच्या आधी त्यांनी नवी मुंबईत नेरूळला 'अपना बाजार'ची एक शाखा चालवायला घेतली होती. आता हा 'अपना बाजार' कुणाचा? १९४८ साली मुंबईत नायगावला कामगारांनी एकत्र येऊन काढलेली ती ग्राहक सहकारी संस्था. म्हणजे आपल्या गटासारखीच चार-चार पैसे गोळा करून उभी राहिलेली. किराणा एकदम घ्यायचा आणि सभासदांना स्वस्तात द्यायचा, हे आधी तिथल्या कामगारांनी करून दाखवलेलं आहे. हे मी मुद्दाम सांगते. मॉल म्हटलं की आपल्याला वाटतं, ते फार शिकलेल्या लोकांचं काम असेल. असं काही नाही. २०१७ साली डी-मार्टची कंपनी शेअर बाजारात आली आणि ३१ मार्च २०२५ ला देशभरात तिची ४१५ दुकानं होती. प्रत्येक दुकानात माणसं लागतात, आणि बहुतेक कामांना मोठी डिग्री लागत नाही. रिलायन्स, स्टार बाजार, विशाल मेगा मार्ट यांच्याकडंही कामं साधारण अशीच असतात. त्यामुळं मी जे सांगणार आहे ते नाव बदललं तरी लागू पडतं.

आत काम काय असतं? आपण ग्राहक म्हणून गेलो की फक्त बिल करणारी पोरगी दिसते. ती कॅशिअर. पण तिच्यामागं बरेच हात असतात. ट्रकमधून आलेला माल मोजून घेणारे असतात. डाळ, साखर, मसाले वजन करून पुडे बांधणाऱ्या बाया असतात. तो माल फळीवर लावणाऱ्या असतात. माल लावणं सोपं वाटतं, तसं नाहीये. ज्याची तारीख आधी संपते तो पुडा पुढं यायला पाहिजे, नवा माल मागं. घरी आपण नवं पीठ जुन्या पिठावर ओतत नाही, आधीचं संपवतो, तोच हिशेब. पण तिथं असे हजारो पुडे असतात, आणि एक जरी तारीख गेलेला पुडा फळीवर राहिला तर जाब विचारतात. शिवाय कपड्यांचा विभाग, भांड्यांचा विभाग, माल परत घेण्याचा काउंटर, साफसफाई, गेटवरची तपासणी.

आता मुद्द्याचं बोलते. इथं नीट लक्ष द्या.

आपल्याकडं पालम, सोनपेठ, गंगाखेड भागातून माणसं ऊसतोडीला जातात. तुमच्यातल्या कितीतरी जणी स्वतः कोयता घेऊन गेलेल्या आहेत. तिकडं तुम्ही काम करता कारखान्याचं, पण उचल देतो मुकादम आणि हिशेबही त्याच्याच वहीत. काही झालं आणि कारखान्याकडं गेलं तर ते म्हणतात, मुकादमाला विचारा. बरोबर?

मॉलमध्येही मुकादम असतो. त्याला तिथं कंत्राटदार किंवा एजन्सी म्हणतात. पोरगी डी-मार्टचा शर्ट घालते, डी-मार्टच्या दुकानात उभी राहते, गावात सगळ्यांना वाटतं ती डी-मार्टची नोकरदार. पण नेमणुकीचा कागद बघितला तर त्यावर दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीचं नाव असू शकतं. हे एखाद्या ठिकाणचं नाही. अव्हेन्यू सुपरमार्ट्सच्या स्वतःच्या वार्षिक अहवालात दिसतं की कायम कर्मचाऱ्यांपेक्षा कंत्राटी माणसांची संख्या कितीतरी पट जास्त आहे. यात लपवाछपवी नाही, बेकायदेशीरही नाही. फक्त आपल्याला माहीत पाहिजे.

म्हणून पहिला प्रश्न हाच: नेमणुकीच्या कागदावर कुणाचं नाव आहे? लेकीला म्हणा, पत्राचा फोटो काढून पाठव. ती म्हणाली, "आई, पत्र अजून दिलंच नाही," तर कधी देणार ते विचारायला लावा. महिना झाला तरी पत्र नसेल तर काहीतरी गडबड आहे असं समजा.

पण ऊसतोडीत आणि इथं एक मोठा फरक आहे, आणि तो आपल्या बाजूचा आहे. कंत्राटदारानं पगार दिला नाही किंवा कमी दिला, तर ज्याच्या दुकानात काम केलं त्या मुख्य मालकाला तो द्यावा लागतो. कंत्राटी कामगारांसाठीच्या १९७० च्या कायद्यापासून हे चालत आलेलं आहे. "एजन्सीला विचारा" म्हणून दुकानाच्या मॅनेजरला हात झटकता येत नाहीत. हे एक वाक्य लेकीला पाठ करायला लावा, खरंच सांगते. आपली पोर दबून जाते कारण तिला वाटतं, आपल्याला विचारायचा हक्कच नाही.

दुसरा कागद म्हणजे पगाराची पावती, सॅलरी स्लिप. गटाचा हिशेब तुम्ही लिहिता, त्यामुळं तुम्हाला ही पावती वाचायला अवघड जाणार नाही. समजा कागदावर पगार १५,००० आहे. (हा आकडा उदाहरणासाठी घेतलाय. तेवढाच मिळेल असं कुणी समजू नका. किमान वेतन शासन ठरवतं, कुशल-अकुशल कामाप्रमाणं आणि भागाप्रमाणं ते वेगळं असतं, आणि त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो.) पूर्ण १५,००० वर पीएफ लागला तर १२ टक्क्यांनी १,८०० रुपये कापले जातात. ईएसआय म्हणजे दवाखान्याचा विमा, तो पाऊण टक्का, म्हणजे ११३ रुपये. हातात आले १३,०८७.

इथं बऱ्याच आया चिडतात. पंधरा हजार म्हणले होते, तेराच आले, फसवलं! फसवलं नाही. तुमच्या लेकीचे १,८०० कापले तेव्हा मालकालाही आपल्या खिशातून तेवढेच १,८०० भरावे लागतात. त्यातले १,२५० पेन्शनला जातात, उरलेले ५५० पीएफमध्ये. म्हणजे लेकीच्या पीएफ खात्यात महिन्याला २,३५० जमा झाले. वर्षाचे २८,२००, वर व्याज. आपल्या गटात महिन्याला शंभर-दोनशे बचत करून किती वर्षं लागतात बघा एवढे साठवायला.

फसवणूक असते ती वेगळीच. पावतीत पीएफ कापलेला दिसतो, पण भरलेलाच नसतो. हे ओळखायचं कसं? प्रत्येकीला एक यूएएन क्रमांक मिळतो, बारा आकडी. तो त्या मोबाइलशी जोडला असेल तर ९९६६०४४४२५ या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, शिल्लक मेसेजमध्ये येते. दोन-तीन महिन्यांनी एकदा बघायचं. नोकरी बदलली तरी हा क्रमांक तोच ठेवायचा, नवा काढू द्यायचा नाही. आणि लग्न ठरलं की पीएफ काढून मोकळं व्हायची आपल्याकडं घाई असते. शक्य असेल तर ती करू नका. वेगवेगळ्या नोकऱ्या मिळून दहा वर्षं भरली तर पेन्शनचा हक्क लागतो. मुलगी तीन-चार वर्षं घरी बसून पुन्हा कामाला लागली तरी आधीची वर्षं धरली जातात, पण पेन्शनचे पैसे काढून टाकले असतील तर नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. व्यवसाय कर. महाराष्ट्रात महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला तो माफ आहे. पुरुषांना ही सूट एवढी नाही, म्हणून कधी कधी सरसकट दोनशे रुपये कापले जातात. पावतीत दिसलं तर विचारायचं.

ईएसआयचं कार्ड घेतलंच पाहिजे. २१,००० पर्यंत पगार असला तर ते लागू होतं. उपचार तिला मिळतात आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही. आजारपणात पगाराचा काही भाग मिळतो, आणि पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. सून कामावर असेल तर सासूबाईंनी हे विशेष लक्षात ठेवायचं!

आता खर्चाचं बोलू. हातात तेरा हजार आले तरी ते पुण्यात आले. कॉट बेसिसवर राहायचं, मेस, बस, मोबाइल. समजा साडेसात हजार गेले. उरले साडेपाच. कामाला लागायच्या आधी दोन महिन्यांचं डिपॉझिट, अंथरूण-पांघरूण, काळे बूट, पहिला पगार येईपर्यंतचा खर्च, हे वेगळंच. एवढ्यासाठी सावकाराकडं जाऊ नका. गटाकडं अर्ज करा, आपण अंतर्गत कर्जातून देऊ शकतो. पण घरी बसून हिशेब मांडा. साडेपाच हजारांतले लेकीनं घरी किती पाठवायचे आणि स्वतःजवळ किती ठेवायचे, हे जायच्या आधी बोलून घ्या. सगळेच पाठव म्हणाल तर पोरगी वडापाववर दिवस काढते आणि तीन महिन्यांत आजारी पडून परत येते. बघितलंय मी.

कामाच्या तासांचं सांगते. आठवड्याला ४८ तास. त्यावर काम करून घेतलं तर दुप्पट दरानं पैसे. आठवड्याला एक सुट्टी. रात्री साडेनऊनंतर बाईला थांबवायचं असेल तर तिची संमती लागते, तिच्या सुरक्षेची व्यवस्था लागते आणि घराच्या दारापर्यंत सोडायची जबाबदारी मालकाची. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात हे स्पष्ट आहे. लेक म्हणाली, "आई, रोज अकरा वाजतात, मग रिक्षानं जाते," तर रिक्षाचे पैसे कोण देतं हा प्रश्न आईनंच फोनवर विचारायचा.

सुट्टी असते, पण ती रविवारी नसते. शनिवार-रविवार आणि महिन्याचे पहिले दहा दिवस म्हणजे मॉलचा हंगाम. पगार झाले की लोक किराणा भरतात. आणि सगळ्यात मोठा हंगाम दिवाळी. म्हणजे भाऊबीजेला लेक घरी येणार नाही, हे धरून चाला. ही गोष्ट छोटी वाटते, पण मी बघते, सगळ्यात जास्त पोरी इथंच नोकरी सोडतात. आई फोनवर रडते, भाऊ रुसतो, मामा म्हणतो असली कसली नोकरी. पोरगी न सांगता निघून येते, दिवाळी करते आणि परत गेली की नाव कमी झालेलं असतं. सोयाबीनच्या काढणीत तुम्ही पाहुण्यांकडं जाता का? नाही ना. तसंच आहे हे. दिवाळीनंतर रजा घेऊन चार दिवस येऊ द्या. भाऊबीज मागून करा, नाहीतर भावालाच पुण्याच्या गाडीत बसवून द्या.

दुसरं कारण पाय. दिवसभर उभं राहायचं. आपल्या पोरी शेतात राबलेल्या आहेत, कष्टाला भीत नाहीत, पण वाकून काम करणं वेगळं आणि फरशीवर आठ तास एका जागी उभं राहणं वेगळं. पाय सुजतात, कंबर धरते. आणि लघवीला जायला विचारावं लागतं म्हणून पोरी पाणीच पीत नाहीत. हसू नका, यातून लघवीचे आजार होतात.

याबद्दल एक गोष्ट सांगते, ती केरळची. कोझिकोड शहरात मिठाई गल्ली म्हणून मोठा बाजार आहे. तिथल्या दुकानांत काम करणाऱ्या बायांना दिवसभर बसायला मनाई होती आणि संडास-बाथरूमची सोय नव्हती. पी. विजी नावाची एक बाई, शिवणकाम करणारी, तिनं या बायांना गोळा केलं आणि 'पेण्कूट्ट' नावाची संघटना उभी केली. त्या शब्दाचा अर्थच बायांची सोबत. आधी त्यांनी बाथरूम मागितलं, मग बसायचा हक्क मागितला. लोकांनी खूप टिंगल केली. पण २०१८ साली केरळ सरकारनं दुकानांच्या कायद्यात बदल केला आणि बसायची सोय देणं बंधनकारक झालं. २०२१ साली तमिळनाडूनंही तसाच कायदा केला. त्या बाया आपल्यासारख्याच. आपल्या गटात तर वही आहे, ठराव आहे, बँकेत खातं आहे. त्यांच्याजवळ सुरुवातीला तेही नव्हतं.

कॅशवर बसणाऱ्या पोरीला आणखी एक भीती असते. रात्री गल्ला मोजला आणि पैसे कमी भरले तर? निष्काळजीपणा झाला असेल तर कापू शकतात, पण तिचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय नाही. आणि त्रास द्यायला कुणी अंगचटीला आलं, सुपरवायझर असो की ग्राहक, तर दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती असायलाच पाहिजे, २०१३ चा कायदा आहे. समितीतल्या बाईचं नाव आणि नंबर भिंतीवर लावलेला असतो. पहिल्याच दिवशी लेकीनं त्याचा फोटो काढून ठेवायचा. तातडीच्या मदतीला १८१ आहेच.

वर चढता येतं का? येतं. कॅशिअर किंवा माल लावणारी ते सुपरवायझर, मग विभाग सांभाळणारी, मग दुकानाचा असिस्टंट मॅनेजर. पण आपोआप होत नाही, आणि कंत्राटावर असताना तर अजिबात होत नाही. म्हणून सहा महिने झाले की लेकीनं विचारायचं, कंपनीच्या रोलवर कधी घेणार. काय शिकली तर वर घेतात? माझ्या मते दोन गोष्टी. एक, संगणकावर साठा बघणं: किती आला, किती विकला, किती खराब झाला. दुसरी, हिंदीत आणि थोड्या इंग्रजीत ग्राहकाशी न घाबरता बोलणं. पहिली गोष्ट तर गटाचं लेखापालाचं काम केलेल्या बाईला निम्मी येतेच. ज्या पस्तिशीच्या ताईंबद्दल मी सुरुवातीला बोलले, त्या सात वर्षं गटाची वही लिहितात आणि एक रुपयाची चूक नाही. त्यांना मी म्हटलं, अर्जात हे लिहा. त्या म्हणाल्या, "ते काय काम हाय का?" आहे, ताई. साठा, गल्ला, ताळमेळ, तेच तर काम आहे.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना २०१४ पासून आहे आणि आपल्याकडं ती उमेदमार्फत चालते. दुकानातल्या कामाचा कोर्स त्यात आहे, राहणं-खाणं मोफत, वय ३५ पर्यंत, महिलांना ४५ पर्यंत सवलत. गटातल्या घरातल्या मुलींना त्यात येता येतं. पैसे भरायचे नाहीत. उलट मोबाइलवर "मॉलमध्ये थेट भरती, फॉर्म फी ५००, ड्रेसचे २,०००" असे मेसेज फिरतात. नोकरी द्यायच्या आधी पैसे मागतो तो नोकरी देत नाही. असा मेसेज आला तर आधी मला दाखवा, गटाच्या ग्रुपवर पुढं ढकलू नका. अध्यक्षताईंनीच मागच्या आठवड्यात एक ढकलला होता, त्या आता हसायला लागल्यात.

शेवटचा विषय ठरावाचा आहे. आपल्या प्रभागातून किती लेकी-सुना बाहेर कामाला गेल्यात, हे आपल्याला नीट माहीत नाही. गावात विचारलं तर "पुण्याला हाय" एवढंच कळतं. माझी सूचना अशी की प्रभागसंघात एक नोंदवही करू. नाव, कुठल्या शहरात, कुठल्या दुकानात, नेमणूकपत्र कुणाचं, यूएएन क्रमांक, सोबत राहणाऱ्या एका मुलीचा नंबर. पत्ता आणि नंबर फक्त संघाच्या सचिवताईंजवळ राहतील, कुणालाही दाखवायचे नाहीत, लग्नाच्या बोलणीसाठी तर अजिबात नाही. याचा उपयोग असा की मानवतची पोरगी आणि पूर्ण्याची पोरगी एकाच शहरात असतील तर एका खोलीत राहू शकतील, भाडं अर्धं होईल. आणि चार जणींचा पीएफ एकाच कंत्राटदारानं भरला नसेल, तर चार वेगळ्या तक्रारींऐवजी संघाच्या लेटरहेडवर एकच पत्र जाईल.

ज्या तायांच्या घरातून कुणी गेलेलं आहे त्यांनी पुढच्या सभेला नेमणूकपत्राचा आणि मागच्या महिन्याच्या पावतीचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन यायचा. फोटो काढता येत नसेल तर लेकीला व्हॉट्सअॅपवर मागवा. सभेच्या आधी तासभर मी बसलेली असेन, एकेक पावती सोबत वाचू. आता परतफेडीचा विषय घ्या, पाथरीच्या तायांची शेवटची बस साडेपाचला आहे.